शाल, नारळ आणि शेवटच्या रांगेतली बाई

दिनांक ३ मे २०२५. शाल एक, १९ युरो ५० सेंट. नारळ एक, २ युरो २५ सेंट. एकूण २१ युरो ७५ सेंट. आमच्या मराठी मंडळाच्या हिशेबात 'सत्कार' या खात्यावर ही नोंद मी केली, कारण खजिनदार मी आहे. पुण्यात बी.कॉम. झालो, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि नंतरचं सगळं आयुष्य नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनमधल्या एका कंपनीच्या लेखा विभागात गेलं. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. लिहिण्याचा सराव फक्त अहवालांचा आहे, तेव्हा जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

या लेखातली नावं खरी नाहीत, माझंसुद्धा नाही. ज्या वसाहतीचा प्रश्न होता तिचं नाव लिहिणार नाही. आणि त्या बाईंचं खरं नाव मला माहीत आहे, सभागृहातल्या सगळ्यांना माहीत आहे, हीच तर अडचण आहे. त्यांना मी नुसतं बाई म्हणेन.

पण लेख धम्मदीपाचा आहे. धम्मदीपा नागपूरची. तिचे वडील राजानंद तिथल्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, घरात पीएच.डी. करणारी ती पहिली. आमच्याकडे ती प्रथम आली ती हातात निळं पाकीट घेऊन. इथे आयकर खात्याचं पत्र निळ्या पाकिटात येतं आणि नवा माणूस दंडच आला असं धरून चालतो. तिने ते उघडलंच नव्हतं.

"काका, तुम्हीच उघडा न. मला तर हात लावायची भीती वाटून राहिली."

उघडलं तर खात्याकडूनच तिला पैसे परत मिळायचे होते. ती इतक्या मोठ्याने हसली की माझी बायको मंजूषा स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाकीट उघडलं की संपते, अशी तेव्हाची तिची भीती होती. त्यानंतर रविवारी ती आमच्याकडे जेवायला येऊ लागली. सायकलवरून यायची, पावसाची पँट दाराशी काढून ठेवायची, आणि भाजी निवडायला बसायची. वडिलांचा व्हिडिओ कॉल आमच्या टेबलावरच यायचा. ते तिला आधीपासूनच "डॉक्टर मॅडम" म्हणत.

तिचा अभ्यास काय, हे मंजूषाने एकदा मटार सोलताना विचारलं.

"भांडणाचा अभ्यास, काकू."

"अगं, मग आमच्या सोसायटीत यायचं होतंस पुण्याला."

"दोन सरकारांचं भांडण. एक वसाहत होती. जुने राज्यकर्ते सोडून जाणार, नवे येणार, तारीख ठरलेली. जाता जाता जुन्यांना वाटलं की तिथली निवडणुकीची पद्धत बदलावी, लोकांनी थेट निवडून द्यायच्या जागा वाढवाव्यात. नव्यांना ते पसंत नव्हतं. मग दोन्हीकडचे अधिकारी बंद खोलीत कितीतरी महिने बसले. फिसकटलं. आणि मग दोघांनी आपापली पुस्तिका काढली, आत काय झालं त्याची."

"मग वाचायची ती पुस्तिका," मंजूषा म्हणाली.

"वाचल्या न. एक म्हणते, अमुक बैठकीत तुम्ही कबूल केलं होतं आणि मग फिरलात. दुसरी म्हणते, आम्ही कधी कबूल केलंच नव्हतं, तुम्ही मनाने धरून चाललात. तीस वर्षं झाली, लोक अजून त्यावर भांडतात."

मी म्हटलं, "म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळत नाही, तसं."

"तसंच. पण काका, तुम्ही बँकेत जाऊन विचारू शकता. इथे खोलीत जे होते ते एकतर मेले, नाहीतर आपापल्या पुस्तिकेला चिकटून बसले."

एक मात्र चिकटून बसलेली नव्हती. त्या बाई. वाटाघाटींच्या वेळी त्या खोलीत लघुलेखन करायला बसत. पुढे त्यांनी जहाजावरच्या एका डच इंजिनिअरशी लग्न केलं आणि इकडे आल्या. आता नवरा नाही, मूल नाही. शहराच्या उत्तर टोकाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. धम्मदीपाची आणि त्यांची ओळख ग्रंथालयातल्या विणकामाच्या वर्गात झाली. त्या खोलीविषयी बाई आजवर कुणाशीच बोलल्या नव्हत्या. हिच्याशी का बोलल्या? धम्मदीपा सांगायची, "त्या म्हणाल्या, तू दोघांपैकी कुणाचीच नाहीस."

अटी त्यांनी घातल्या होत्या. नाव कुठे येणार नाही, चेहरा नाही, आवाजसुद्धा नाही. धम्मदीपाने हाताने लिहून घ्यायचं. भेटवस्तू काहीही आणायची नाही. कारण एकच: त्यांचा धाकटा भाऊ अजून तिकडेच आहे. चष्म्यांचं छोटं दुकान आहे त्याचं. तिकडे आता जुन्या गोष्टी काढणाऱ्यांची चौकशी होते, आणि माणूस हाताला लागत नसेल तर त्याच्या घरच्यांची होते, असं बाईंचं म्हणणं होतं. भाऊ दर रविवारी सकाळी फोन करायचा. बाईंचं सगळं माहेर म्हणजे तो फोन. धम्मदीपाने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता की तुमच्या भावाला माझ्यामुळे धक्का लागणार नाही. प्रबंधात त्यांचा उल्लेख 'एक साक्षीदार' एवढाच.

मी एकदा सहज विचारलं, "मग खोटं कोण बोलतंय?"

धम्मदीपाने आधी आमच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं, शेजाऱ्यांची मांजर होती. मग हळू आवाजात म्हणाली, "दोघंही नाही, काका. बस. पुढे विचारू नका."

मी पुन्हा विचारलं नाही. त्यामुळे बाईंनी खरोखर काय सांगितलं ते मला आजही ठाऊक नाही.

आता मंडळाबद्दल. आमचे अध्यक्ष विश्वास. मूळ पुण्याचे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने दिलदार. कुणाच्या घरी अडचण असली तर पहिले धावतात. त्यांना एकच हौस आहे, सत्काराची. मंडळाच्या कार्यक्रमाला कुणीही नवीन आलं की त्याला व्यासपीठावर बोलवायचं, शाल आणि नारळ द्यायचा आणि फोटो काढायचा. इथल्या नगरपालिकेचा माणूस सभागृहाची अग्निशमन यंत्रणा तपासायला आला होता, त्याचाही सत्कार झालेला आहे. तो नारळ बगलेत धरून सायकलवरून गेला.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात धम्मदीपाने दहा मिनिटं बोलावं अशी त्यांनी गळ घातली. तिने होकार दिला, पण नाव-गाव न घेता फक्त पुस्तिकांविषयी बोलेन, या अटीवर. बाईंना तिचं भाषण बघायचं होतं. भाषण मराठीत, समजणार काही नव्हतं, पण "माझ्या मुलीसारखी आहेस, तुला उभी राहिलेली बघते आणि जेवून जाते" म्हणाल्या. धम्मदीपाने त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसवलं. विश्वासनी कोटांच्या खुंट्यांपाशी तिला गाठून विचारलं की पाहुण्या कोण. ती म्हणाली, माझ्या अभ्यासात मदत करतात. एवढंच मला तेव्हा समजलं.

भाषण चांगलं झालं. ती खाली उतरून पाणी प्यायला आत गेली. आणि भाषणातली बंद खोली आणि अभ्यासात मदत करणाऱ्या पाहुण्या यांचा मेळ मनानेच घालून विश्वासनी माइक हातात घेतला.

इंग्रजीत म्हणाले की आज आपल्यात इतिहासाची एक जिवंत साक्षीदार आहे. वसाहतीचं नाव घेतलं. ते धम्मदीपाने घेतलं नव्हतं, पण कुणालाही कळण्यासारखं होतं. "त्या खोलीत काय झालं हे या आजींना माहीत आहे!" टाळ्या वाजल्या. बाई पुरणपोळीची बशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळी डोकी मागे वळली. विश्वास स्वतः रांगेतून चालत गेले, वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केला. इतक्या लोकांसमोर वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं बाईंना जमलं नसावं. त्या उठल्या. व्यासपीठावर विचारलं गेलं, "आपलं शुभनाव?" आणि माइक तोंडाशी होता, त्यांनी सांगितलं.

धम्मदीपा आतून धावत आली तोवर शाल खांद्यावर पडली होती. मी तिकिटांच्या टेबलावर होतो, मला तिचा चेहरा दिसला. तिने हात वर केला, जणू लांबून येणारी बस थांबवायची आहे. मग तो तसाच खाली आला. चिटणीस मृण्मयीने फोटो काढला. बाई फोटोत हसत आहेत, पण त्यांची बोटं नारळाच्या शेंडीत रुतलेली दिसतात.

धम्मदीपा मृण्मयीला म्हणाली, "ताई, टाकू नका कुठे."

"अगं, टाकला पण! ग्रुपवर, पेजवर. किती छान आलाय बघ."

तो तासाभरात काढला. पण विश्वासच्या मेहुण्याचं पुण्यात एक बातम्यांचं संकेतस्थळ आहे. तिथे 'नेदरलँड्समध्ये दुमदुमला महाराष्ट्र' अशा मथळ्याखाली तो आधीच गेला होता, बाईंच्या पूर्ण नावासह आणि 'गुप्त वाटाघाटींच्या साक्षीदार' या ओळीसह.

विश्वास फोनवर म्हणाले, "राजनराव, उगाच बाऊ करताय. मराठी कोण वाचतंय तिकडे?"

माझी मुलगी जुई शेजारी बसली होती. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिने ती बातमी फोनवर उघडली, एक बटण दाबलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. सगळा मजकूर त्या वसाहतीच्या भाषेत झाला होता. "टू सेकंड्स, बाबा," ती म्हणाली. विश्वासनी ते ऐकलं. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी मेहुण्याला फोन करून बातमी काढायला लावली. पण तोवर ती आणखी कुठे कुठे उचलली गेली होती, ते आम्हाला शोधता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भावाचा फोन आला नाही.

धम्मदीपा बाईंकडे जाऊन बसली होती. तिने नंतर सांगितलं ते असं: बाईंनी फोनच्या बाजूला घड्याळ ठेवलं होतं आणि दोघी विणत होत्या. सकाळ गेली. बाई म्हणाल्या, दुकानात गर्दी असेल. दुपारी म्हणाल्या, रविवारी दुकान बंद असतं. जाताना धम्मदीपाने पाहिलं, त्यांनी आपली खुर्ची खिडकीपासून उचलून कपाटाच्या आड नेली होती.

पुढच्या रविवारीही फोन आला नाही.

त्या दिवसांत धम्मदीपा आमच्याकडे राहायला आली. तिच्या खोलीवर तिला झोप लागत नव्हती. विद्यापीठात जाताना रोज वेगळ्या रस्त्याने जायची. सायकल लावताना एका माणसाने तिला स्टेशनचा रस्ता विचारला, तर ती सायकल तिथेच टाकून आत पळाली. अनोळखी नंबर आला की फोन उलटा करून ठेवायची. बाईंच्या इमारतीत कुणीतरी बेल दाबून भलत्याच नावाच्या माणसाची चौकशी केली. पार्सलवाला असेल, मी म्हटलं. "असेलही," ती म्हणाली. "काका, हेच तर वाईट आहे न. असेलही."

मीही ठीक नव्हतो. आमच्या गल्लीत एक राखाडी गाडी उभी राहायची. ती शेजाऱ्यांच्या जावयाची निघाली, तोवर मी तिचा क्रमांक पाठ केला होता. मंजूषाने पडदे दिवसासुद्धा ओढायला सुरुवात केली. इथे कुणी पडदे ओढत नाही, सगळं घर रस्त्यावरून दिसतं. आमचं एकच घर बंद दिसू लागलं, आणि त्यामुळे लोक जास्त बघू लागले.

मग विश्वासच्या घरी कार्यकारिणीची बैठक झाली. धम्मदीपाला बोलावलं होतं. ती दाराकडे तोंड करून बसली. मृण्मयीने कार्यक्रमाचं इतिवृत्त वाचलं, त्यात वाक्य होतं: 'वक्त्यांच्या संमतीने पाहुण्यांचा सत्कार करण्यात आला.'

"माझी संमती नव्हती," धम्मदीपा म्हणाली. "दादा, कोटांपाशी मी तुम्हाला नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं."

"म्हणाली होतीस," विश्वास म्हणाले. "मी नाकारतच नाही. तू म्हणालीस, नको, त्यांना आवडत नाही."

"मग?"

"अगं, पण नको तर सगळेच म्हणतात! आजवर कुणी म्हटलंय का, हो, घाला मला शाल? माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला ते स्वतः 'कशाला, कशाला' म्हणत जिना चढले. मृण्मयी, तुझा केला तेव्हा तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले होते," मृण्मयी म्हणाली. मग हळूच, "साडी मात्र नवीन नेसून आले होते."

कुणालाच हसू आलं नाही.

"तुम्हाला खरंच वाटलं मी लाजून राहिली?" धम्मदीपाने विचारलं.

"शप्पथ. मला वाटलं तू मोठ्यांचा मान ठेवून नको म्हणतेस, आणि आम्ही आग्रह करावा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला चिडायचं होतं, पण चेहऱ्यावर राग टिकेना. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. आमच्या घरी तिने म्हटलेलं 'दोघंही नाही' हे वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि तिलाही आठवलं असावं, कारण ती एकदम उठून खिडकीपाशी गेली. इतिवृत्तात काय लिहायचं, यावर मृण्मयीने मला विचारलं. मी म्हटलं, मी कोटांपाशी नव्हतो. ते वाक्य अजून तसंच आहे, समोर प्रश्नचिन्ह घातलेलं.

विश्वास तिला सोडायला गाडीपर्यंत आले. "मी त्या आजींच्या पाया पडून माफी मागतो. येऊ का?"

"नको," ती म्हणाली. मग थांबली. "दादा, खरंच नको."

"कळलं," विश्वास म्हणाले. "आता कळलं."

मे संपता संपता भावाचा फोन आला. बुधवारी दुपारी. धम्मदीपा तिथेच होती. बाई त्यांच्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलल्या, बाकी नुसतं ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी तिला सांगितलं. दुकानात दोन माणसं आली होती. चष्मा करायला आलो म्हणाली. एकाने डोळे तपासून घेतले, फ्रेम निवडली, पैसे दिले. मग मोबाइल काढून फोटो दाखवला आणि म्हणाला, तुमच्या बहिणीला शाल छान दिसते. तब्येतही चांगली दिसते. अजून काय काय आठवतं हो त्यांना?

मारहाण नाही, धमकी नाही. चष्मा घेऊन गेले. भावाने बाईंना सांगितलं की दुकान विकतो आहे, मुलीकडे जातो आहे, आता फोन करणार नाही आणि तूही करू नकोस.

"मला आठवत नाही," बाई धम्मदीपाला म्हणाल्या. "आजपासून मला काहीच आठवत नाही. तुझ्या वहीतलं ते पुसून टाक."

धम्मदीपाच्या मार्गदर्शकांचं मत वेगळं होतं. त्यांनी समजावलं की नाव काढलेलं आहे, नियमांत बसतं, आणि हे प्रकरण म्हणजे सगळ्या प्रबंधाचा कणा आहे. तीस वर्षांत कुणाकडे नसलेली गोष्ट तुझ्याकडे आहे. ती म्हणाली, विचार करते. घरी आली आणि मंजूषाला म्हणाली, "काकू, कात्री द्या."

वह्या हाताने लिहिलेल्या होत्या. आमच्या टेबलावर बसून तिने एकेक पान बारीक कापलं. मदत घेतली नाही. मध्येच वडिलांचा कॉल आला.

"डॉक्टर मॅडम, काय चाललंय?"

"कागद आवरून राहिली, बाबा."

"आवाज असा काहून येतो तुझा?"

"सर्दी आहे."

कॉल संपल्यावर तिने कात्री खाली ठेवली. "त्यांना काय सांगू?" तिने मला विचारलं. "एक प्रकरण कमी, म्हणजे परत एक वर्ष. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते." मी कागदाचे तुकडे दोन पिशव्यांत भरले आणि दोन वेगळ्या चौकांतल्या कचराकुंड्यांत टाकून आलो. का दोन, ते मला सांगता येणार नाही. टाकताना मी मागे वळून बघितलं, हे खरं आहे.

तिचा प्रबंध आता नुसत्या दोन पुस्तिकांवर आहे. एक असं म्हणते, दुसरी तसं म्हणते, आणि निर्णय करण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही, असं ती शेवटी लिहिते आहे. ते वाक्य मी वाचलं. अगदी नेटकं आहे. ती अर्धवेळ एका गोदामात काम करते आणि लिहिते. आमच्याकडे रविवारी येते, पण आता दाराकडे तोंड करून बसते, आणि मोठ्याने हसत नाही. यंदाच्या महाराष्ट्र दिनाला तिला बोलवायचं की नाही यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. विश्वास म्हणाले, बोलवू नका. सत्काराचा कार्यक्रमही त्यांनीच बंद केला. आता पाहुण्यांना चहा देतात.

बाई जूनमध्ये ते घर सोडून गेल्या. कुठे, ते धम्मदीपालाही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. जाण्याआधी त्यांनी तिच्या हाती शाल परत पाठवली, धुऊन, इस्त्री करून, खाकी कागदात गुंडाळून. भेट घ्यायची नाही हा त्यांचा नियम होता. सोबत निरोप होता की नारळ मात्र फोडून खाल्ला, त्याचे पैसे भेटल्यावर देईन.

शाल मी मंडळाच्या साठ्यात परत जमा करून घेतली. नारळाचे २ युरो २५ सेंट बाईंकडून अजून येणे आहेत.